चहा पिऊन घेतलेले टायर

टायर गोल असतो. एवढ्या एका माहितीच्या जोरावर मी आयुष्यात एकदा पिकअपचे चार टायर निवडले.

आज मी मस्कतला, समुद्राच्या पलीकडं, एका टायरच्या दुकानात कामाला आहे. हे वाक्य आमच्या वस्तीवर कुणी मोठ्यानं वाचलं, तर माणसं पोट धरून हसतील. आणि सगळ्यात आधी दाजी हसतील. कावून, म्हणजे का हसतील, ते सांगतो.

माझं शिक्षण आठवीपर्यंत. (नववीच्या वर्गात मी तीन दिवस बसलो होतो, पण ते कुणी धरत नाही.) शाळा सुटल्यावर मी आक्काकडं आलो. आक्का माझी थोरली बहीण, दाजी तिचे मालक. चौसाळ्यापासून आत, रानात त्यांची वस्ती. दाजींनी मला जेवू घातलं, ट्रॅक्टर शिकवला, गाडी शिकवली. पुढं त्यांनी बैलजोडी विकून एक जुनी पिकअप घेतली आणि तिची चावी माझ्या हातात ठेवली. त्या चावीचं मला इतकं दडपण यायचं की हँडब्रेक लावलाय का नाही, हे बघायला मी दिवसातून चार वेळा गाडीपाशी जायचो. गाडी सपाटीला उभी असायची. चारी चाकांखाली दगड असायचे. तरी जायचो!

आता मुख्य अडचण. माझं लग्न जमत नव्हतं.

पोराला शिक्षण नाही, हे एक. पण खरी वैरीण होती आमच्या वस्तीची पाणंद. डांबरी सोडली की वस्तीपर्यंत सगळा काळ्या मातीचा रस्ता. कोरडा असला की गुण्यागोविंदानं असतो. ओला झाला की माणसाची चप्पल मागतो. आमच्याकडं पोरगा बघितल्यावर पोरीकडची माणसं घर बघायला येतात, तसे माझं घर बघायला तीनदा पाहुणे आले. पहिले पाणंदीच्या निम्म्यातून माघारी वळले. दुसरे दारापर्यंत पोचले, पण पोरीच्या काकूची एक चप्पल चिखलात राहिली, ती अजून सापडलेली नाही. तिसरे तर डांबरीवर उभे राहिले, पाणंदीकडं बघितलं, एकमेकांकडं बघितलं आणि तिथूनच हात जोडून गेले.

चौथं स्थळ तलवाड्याचं. पोरीचं नाव सुवर्णा. बघायच्या कार्यक्रमात तिनं मला एकच प्रश्न विचारला होता.

"गाडी तुमीच चालवता का?"

"हो," मी म्हणालो. आणि एवढ्या चांगल्या पोरीनं आपल्याला काहीतरी विचारलं या उपकारानं भारावून पुढं म्हणालो, "धन्यवाद."

ती मान खाली घालून आत गेली. मला वाटलं, हेही गेलं. पण चार दिवसांनी निरोप आला: रविवारनंतरच्या रविवारी घर बघायला येतो.

दाजींनी मला बाजेवर शेजारी बसवलं.

"बंड्या, ह्या बारीनं पाहुण्यांला पायी आणायचं न्हाई. चौसाळ्याच्या फाट्यावर आपली गाडी न्यायची, आन् थेट दारात उतरवायचं. गाडीचे टायर पार टकले झालेत. चांगले बघून चारी टाक."

"मी?"

"मग काय मी? गाडी कोण चालवतंय बे?"

"पण दाजी, मला टायरातलं काय कळतंय?"

"माझ्यापरीस चार बुकं जास्त शिकलास."

(हे खरं होतं. दाजी चौथी पास. मी आठवी. बरोबर चार.)

त्या दिवसापासून माझं जेवण कमी झालं. ज्या माणसानं आपल्याला उभं केलं, त्यानं आपलंच लग्न आपल्याच हातात दिलं, आणि तेही टायरांच्या रूपानं! मी मोबाइलवर टायरांचे व्हिडिओ बघायला लागलो. एका व्हिडिओत एक गोरा माणूस पिकअप घेऊन उभ्या डोंगरावर चढत होता. दुसऱ्यात वाळूत. तिसऱ्यात नदीत. खाली लिहिलेलं: ऑल टेरेन. म्हणजे कुठंही चालणारा टायर. डोंगर, वाळू, नदी! आमची पाणंद यांच्यापुढं काय? मी आक्काला दाखवलं.

"ह्यो नदीत कावून गाडी घालायलाय?" आक्का म्हणाली. "ह्याच्या गावात पूल न्हाई का?"

तरीही खात्री करावी म्हणून मी मांजरसुंब्याला रहीमचाचाकडं गेलो. चौकात, ढाब्यांच्या ओळीत त्यांचं टायरचं दुकान. अर्ध्या जिल्ह्याच्या ट्रकांची चाकं त्यांच्या हातून गेलेली. ते तेव्हा एका ट्रकच्या चाकाशी झटत होते. मान वर न करताच त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"बेटा, पाणंद काळ्या मातीची ना तुमची? मग तसले टायर घेऊ नको. दगडाला बरे, वाळूला बरे. काळ्या मातीत ते खाचेत चिखल धरून बसत्यात, सोडत न्हाईत. आहे त्याच मापाचे साधे घे. पुढं सरळ रेघांचे, मागं मोठ्या खाचांचे. बस."

बस! एवढंच. माझ्या आयुष्याचा प्रश्न, आणि उत्तर ट्रकच्या बुडाखालून! बस म्हणाले नाहीत, पाणी विचारलं नाही. मनात आलं, माणूस खरं बोलतोय की कंटाळून बोलतोय? आणि मी बीडला गेलो.

बीडच्या त्या दुकानाला काचेचा दरवाजा होता. आत गेलो तर शेठ उभे राहून म्हणाले, "या सर, बसा."

सर! शाळेत मी दुसऱ्यांना सर म्हणायचो. मला कुणी म्हणण्याची ही पहिलीच वेळ. माझ्या डोक्यावर पंखा लावला. कपबशीत चहा आला, वर सायीचा पापुद्रा. मी चहा प्यालो आणि त्याच क्षणी संपलो. ज्यानं आपल्याला कपबशीतून चहा पाजला, त्याच्या दुकानातून रिकाम्या हातानं उठायचं? आमच्या घरात असले संस्कार नाहीत.

शेठनी टायर पुढ्यात आणून ठेवला. अहाहा! असली नक्षी मी देवळाच्या खांबावर बघितली होती.

"ऑल टेरेन," शेठ म्हणाले.

"व्हिडिओत बघितलाय," मी आदरानं म्हणालो.

"हे बाजूला चिन्ह बघा. डोंगर, आणि त्यात बर्फाचं फूल. हा टायर बर्फातसुद्धा चालतो."

मी विचारात पडलो. बीड जिल्ह्यात बर्फ असतो तो रसवंतीच्या पोत्यात आणि लग्नाच्या मठ्ठ्यात. पण पडलाच तर? मी घाबरट माणूस. सोय असलेली बरी!

"आणखी एक सांगू सर? एक नंबर मोठाच टाका. गाडीला रुबाब येतो."

"आमच्या गाडीला बसंल का?"

"बसवला की बसतो."

एवढ्यात दुसरा चहा आला. मग काय विचारता! चारी बसवले.

येताना डांबरीवर गाडीतून आवाज यायला लागला. घूंऽऽऽ! मी तीनदा उतरून इंजिन बघितलं. इंजिन बिचारं गप्प होतं, टायरच गुणगुणत होते. वस्तीच्या अलीकडं असतानाच दाजी बाहेर येऊन ओरडले, "अगं, कडबाकुट्टी कुणी चालू केली?"

"मी हाय दाजी! नवे टायर!"

दाजींनी गाडीभोवती एक फेरी मारली. नक्षीवर बोट फिरवलं. त्यांचा चेहरा उजळला. "लई भारी, बंड्या." मला भरून आलं. आक्कानं चारी चाकांना हळदीकुंकू वाहिलं, फुटाणे ठेवले आणि मग मान वर करून म्हणाली, "पर गाडी लई उंच झाली की रे. आता चढायचं कसं?"

तेव्हापासून गाडीत एक स्टूल ठेवायला लागलो.

खरी गोम मला दुसऱ्या दिवशी कळली. आमच्या गाडीचं पुढचं डावं मडगार्ड जुनंच चेपलेलं होतं. जुना टायर त्याला लागत नव्हता. नवा एक नंबर मोठा! स्टेअरिंग उजवीकडं फिरवलं की काही नाही. डावीकडं पूर्ण फिरवलं की घर्रर्रऽऽ! असा आवाज की शेजारच्या वस्तीवरची कुत्री उठून उभी राहायची.

दाजींना सांगावं? पाच दिवसांवर पाहुणे. दाजींचा तो उजळलेला चेहरा डोळ्यांपुढून हलेना. मी मनाशी ठरवलं, सांगायचं नाही. पाहुणे येऊन जाईपर्यंत फक्त उजवीकडं वळायचं. डावीकडं न वळता माणूस कुठंही जाऊ शकतो, फक्त जरा वेळ लागतो.

रविवार उजाडला. आभाळ निरभ्र, पाणंद कोरडी खडखडीत, धूळ उडत होती. दाजी म्हणाले, "देवच पावला." मी मात्र टायर धुवायला घेतले, कारण त्यांच्या नक्षीत धूळ बसली होती आणि पाहुण्यांना नक्षी दिसायला पाहिजे होती. विहिरीवरच्या मोटरीचा पाइप हरभऱ्यातून ओढत पाणंदीवर आणला आणि धुवायला लागलो. तीन टायर झाले अन् लाइट गेली. चौथा टायर बादलीच्या पाण्यानं पुसला, पाइप तिथंच टाकला आणि कपडे बदलायला पळालो.

आता ज्यांच्या रानात मोटर नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडं लाइट कधी येईल ते कुणाला माहीत नसतं, म्हणून स्टार्टरला ऑटो लावून ठेवतात. लाइट आली की मोटर आपोआप चालू. माणूस नसला तरी चालू. माणूस पाहुणे आणायला फाट्यावर गेला असला तरी चालू!

फाट्यावर पाच पाहुणे उतरले. सुवर्णाचे वडील किसनराव, बोलायला एकदम गरीब. तीन पुरुष माणसं भावकीतली. आणि सगळ्यांच्या पुढं आत्याबाई, किसनरावांची थोरली बहीण. अकरा हंगाम ऊस तोडलेली बाई. हिचा शब्द घरात शेवटचा, हे मला आक्कानं आधीच बजावून सांगितलं होतं. त्यांनी मला बघितलं नाही, आधी गाडी बघितली.

"ह्ये काय, ट्रॅक्टरची पोरगी हाय का?"

"ऑल टेरेन हायत आत्याबाई," मी म्हणालो आणि स्टूल ठेवलं.

"ह्ये कशाला?"

"चढायला."

"आं? गाडीत बसायचं का माळवदावर?"

किसनरावांनी खालून आधार दिला, मी वरून हात दिला, तेव्हा कुठं आत्याबाई केबिनमध्ये पोचल्या. किसनराव त्यांच्या शेजारी बसले, बाकीचे तिघं मागं हौद्यात उभे राहिले. मी गाडी चालू केली. घूंऽऽऽ!

"आवाज कसला?"

"टायर गातात, आत्याबाई."

फाट्यावरून आमच्या वस्तीचा रस्ता डावीकडं. मी उजवीकडं वळलो.

"तिकडं कुठं?" किसनराव हळूच म्हणाले. "वस्ती ह्या अंगाला सांगितली होती."

"जरा गाव दाखवतो मामा. बाजार दाखवतो."

"आज बाजार भरतो का?"

"न्हाई. जागा दाखवतो."

पुन्हा उजवीकडं. शाळेची मागची भिंत दाखवली. पुन्हा उजवीकडं. मारुतीचा पार दाखवला. गल्लीत समोरून एक टेम्पो आला, माझा अंदाज चुकला आणि सगळा फेरा पहिल्यापासून! पुन्हा बाजाराची जागा, पुन्हा शाळेची भिंत. हौद्यातल्या तिघांनी पारावरच्या म्हाताऱ्यांना दुसऱ्यांदा रामराम घातला.

"ए पोरा," आत्याबाई म्हणाल्या, "ह्यो मारुती मघाशी बघितला. तुमच्या गावाला मारुती दोन हायत का आमी वेडे हावोत?"

"आलं, आलं, आता सरळच," मी म्हणालो. अंगातला नवा शर्ट पाठीला चिकटला होता.

शेवटी डांबरीवरून सरळ पाणंदीला लागलो. (तिथं वळण नाही, देवाचे उपकार!) आणि मी ब्रेक दाबला.

समोर पाणंद नव्हती. समोर तळं होतं.

"पाऊस कधी झाला?" किसनरावांनी काचेतून वर बघितलं. आभाळात एक ढग नव्हता.

मला पाइप दिसला. माझाच पाइप. तोंडातून पाण्याची धार, आणि पाइप आनंदानं इकडून तिकडं डोलत होता. लाइट आली होती! चांगला तासभर झाला असावा. एक मन म्हणालं, माघारी फीर. पण त्याच वेळी दुसरं मन म्हणालं, बंड्या, टायर कशासाठी घेतलेत? गोरा माणूस नदीत गाडी घालतो. त्याचेच तर घेतलेत!

आणि मी माझ्या आयुष्यातलं सगळ्यात धाडसी वाक्य बोललो.

"बिनघोर बसा आत्याबाई. हे टायर डोंगर चढत्यात."

गाडी दुसऱ्या गिअरात टाकली. दहा पावलं काय झोकात गेली! अकराव्या पावलाला टायर मातीच्या प्रेमात पडले. चाक फिरेल तशी माती वर यायला लागली, आणि आलेली माती खाली जाईना. खाचा भरल्या, नक्षी भरली, बर्फाचं फूल भरलं. टायर फुगायला लागला. मी एक नंबर मोठा घेतला होता, माझ्या डोळ्यांदेखत तो तीन नंबर मोठा झाला. मग टायर आणि मडगार्ड यांच्यामधली सगळी फट चिखलानं ठासून भरली, चाकं आवळली आणि फिरायची थांबली. गाडी मात्र थांबली नाही. ती हळूहळू, एकदम सभ्यपणानं, डावीकडं घसरायला लागली. पाच दिवसांत पहिल्यांदा गाडी डावीकडं वळली, आणि तेही न घासता! सरळ चरात जाऊन टेकली.

इंजिन बंद पडलं. सगळीकडं शांतता. फक्त पाइपाचा आवाज, खळखळखळ.

"डोंगर आला का?" आत्याबाईंनी विचारलं.

मी काही बोलायच्या आत फोन वाजला. दाजी.

"पाहुणे आले का रे?"

"आले दाजी."

"कुठपर्यंत आले?"

"गुडघ्यापर्यंत."

"आं? पाऊस कुठं झालाय?"

"मोटर बंद करा दाजी," मी बारीक आवाजात म्हणालो. "ऑटो राहिलाय. माझ्याकडून."

आत्याबाईंनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी चपला काढून किसनरावांच्या हातात दिल्या, लुगडं खोचलं आणि स्टुलाची वाट न बघता खाली उडी टाकली. चाकाशी गेल्या. बोटानं चिखल टोकरून बघितला.

"खुरपं हाय का गाडीत?"

"हाय."

"मग बघत काय बसलायस? उतर! आमच्या फडातल्या गाड्या काय असले गोंदणाचे टायर लावून निघत्यात व्हय रे? चिखल टाकून द्यायला टायरला जागा लागती. ह्यानं तर घरच भरून घेतलं!"

रहीमचाचाचं वाक्य जसंच्या तसं! फरक एवढाच की आता मी खाली होतो आणि सांगणारी वर. मी नव्या शर्टासकट चिखलात आडवा झालो आणि मडगार्डच्या आतली माती खुरप्यानं काढायला लागलो. एक चाक मोकळं करावं, तर दुसरं ठासून भरलेलंच असायचं. आत्याबाई डोक्यावर उभ्या राहून मुकादमासारख्या सांगत होत्या, "वरून न्हाई, खालून घाल. हां. आता बोल्ट खोल, मडगार्डच काढ. ते चेपलेलं पयलं काढ! आन् हे इथं घासल्यालं कशानं?"

चेपल्या मडगार्डवर टायरनं घासून चकचकीत चंद्रकोर काढली होती.

मी वर बघितलं. खोटं बोलायची ताकद संपली होती. "डावीकडं वळलं की घासतंय, आत्याबाई."

"म्हणून मारुती दोनदा?"

"हो."

त्यांनी बोटाचा चिखल पदराला पुसला. पदराआडून फोन काढला, कुणाला तरी व्हिडिओ कॉल लावला आणि फोन माझ्या तोंडापुढं धरला.

"सुवर्णे, बघ गं. घर अजून न्हाई बघितलं. पर ह्यो बघ."

मी बघितलं तर पडद्यावर सुवर्णा! आणि तिला दिसत होतो मी: केसात चिखल, मिशीत चिखल, हातात खुरपं. तोंडातून काय निघावं?

"नमस्कार," मी म्हणालो. "धन्यवाद."

ती हसली. आधी तोंडावर ओढणी धरून. मग ओढणी सुटली. मग तिला ठसकाच लागला. मी आयुष्यात इतकं मोकळं हसणं ऐकलं नव्हतं, आणि ते माझ्यावर होतं. आत्याबाईंनी फोन स्वतःकडं वळवला, तिच्याकडं जरा वेळ बघितलं आणि फोन बंद केला. माझ्या मनात आलं, चौथंही गेलं. आता पाचव्याला पाणंद दाखवायची हिंमत दाजींनी तरी कुठून आणायची?

तेवढ्यात दाजी आले. शेजारच्या वस्तीवरची बैलजोडी घेऊन आले. शेजारची म्हणजे आमचीच, जी विकून दाजींनी ही पिकअप घेतली होती! दोघांनी मला ओळखलं. डाव्या बाजूचा सर्जा तर गाडीकडं बघायचा आणि माझ्याकडं बघायचा, बघायचा आणि मान हलवायचा. साखळी जोडली. आत्याबाई म्हणाल्या, "चाकाखाली तुराट्या घाला." घातल्या. बैलांनी एक झटका दिला आणि माझे बर्फात चालणारे टायर चरातून वर आले.

दाजी रागावले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी नुसता खांद्यावरचा टॉवेल काढून माझ्या हातात दिला, तोंड पुसायला.

पाहुणे चपला हातात घेऊन चालतच वस्तीवर आले. हातपाय धुवायला पाणी भरपूर होतं. आक्कानं धपाटे, दही आणि शेंगदाण्याची चटणी वाढली. आत्याबाईंनी घर बघितलं, गोठा बघितला, विहीर बघितली, स्टार्टरपाशी जाऊन तो ऑटोचा खटकाही बघितला. मग सतरंजीवर बसल्या. मी दाराआड उभा. दाजींची मान खाली.

"रस्ता वाईट हाय," आत्याबाई म्हणाल्या.

"हाय," दाजी म्हणाले.

"पर आमच्या पोरीला काय रस्त्यासंगं संसार करायचा न्हाई." त्यांनी पाण्याचा घोट घेतला. "पोरगं खोटं बोलतंय. पर धड बोलता येत न्हाई त्याला, लगेच उघडं पडतंय. असा नवरा बरा असतो. आन् दुसरं म्हंजे, ही पोरगी पाच स्थळं झाली, मान वर करून बघत न्हवती कुणाकडं. आज हसली."

किसनराव म्हणाले, "मग आपल्याकडून—"

"थांब. माझी एक अट हाय."

दाजींनी मान वर केली. अट म्हटल्यावर आमच्याकडं माणसाला काय काय आठवतं!

"ते टायर काढायचे. आमची पोरगी स्टूल घेऊन फिरणार न्हाई."

दुसऱ्याच दिवशी मी गाडी घेऊन मांजरसुंब्याला गेलो. (उजवीकडं वळत वळत.) या वेळी रहीमचाचांनी मान वर केली. टायर बघितले. माझ्याकडं बघितलं.

"चहा पाजला का तुला?"

"दोनदा."

ते इतकं हसले की हातातला पाना खाली पडला. जुन्या मापाचे साधे टायर त्यांनी बसवून दिले, माझे ठेवून घेतले. चाकं खोलायला मी हात लावला होता, ते बघून म्हणाले, "टायर निवडायची अक्कल न्हाई तुला. पण खोलतोस चांगला. येत जा." लग्नानंतर मी त्यांच्याकडं जायला लागलो. तीन वर्षं त्यांनी शिकवलं, आणि त्यांचा भाचा इथं मस्कतला होता, त्याच्याकडं मला धाडलं. दाजी, आत्याबाई, रहीमचाचा. माझ्यावर उपकार करणाऱ्यांची रांग फाट्यापासून वस्तीपर्यंत जाईल.

इथं वाळू आहे, दगड आहे, डोंगर आहे. त्या नक्षीच्या टायरांना इथं मान आहे. गिऱ्हाईक आलं की इथले शेठ मलाच पुढं करतात. मी पहिला प्रश्न विचारतो, माती कशी आहे? दुसरा विचारतो, डावं मडगार्ड चेपलेलं नाही ना? आजवर एकाही गिऱ्हाईकाला एक नंबर मोठा टायर दिलेला नाही. शेठ म्हणतात, असा जबाबदार माणूस बघितला नाही.

परवा सुट्टी होती. सुवर्णा म्हणाली होती, येताना घराला एक चांगला गालिचा आणा. दुकानात गेलो तर मालकानं उठून सलाम केला, गादीवर बसवलं आणि बारक्या कपात वेलदोडा घातलेला कहवा दिला. मी एकच प्यालो. मग त्यानं दुसरा दिला.

गालिचा लई भारी आहे. नक्षी तर अशी की बघत राहावं. फक्त इथं माझ्या खोलीवर अंथरून बघितला, तर खोलीपेक्षा एक नंबर मोठा आहे. दार डावीकडं उघडत नाही.